दोऱ्याला बांधलेला चुंबक

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत मी चोवीस वर्षं एकाच टेबलापाशी बसले. माझ्या हुद्द्याचं नाव भारदस्त होतं, गुणवत्ता तपासनीस. काम मात्र एवढंच, की जी वस्तू हलायला नको ती हलते का ते बघायचं. निवृत्त माणसाला दिवाळी अंकात लिहा म्हटलं की तो पहिल्या पगारापासून सुरुवात करतो. माझ्या पहिल्या पगारात कुणाला रस असेल असं वाटत नाही. मला एका चकतीबद्दल सांगायचं आहे, पण त्याआधी धंदा काय होता ते सांगायला हवं, कारण माझ्या गावी, समुद्रकाठच्या नवापूरला, आमच्या आळीत आजही बऱ्याच जणांना मी औषधाच्या कंपनीत होते असंच वाटतं.

कारखाना लहान. खाली दळायची गिरणी, दाबायचं यंत्र आणि भट्टी, वर तपासणी आणि पॅकिंग. मिळून चौदा माणसं. आम्ही धातूच्या चकत्या करायचो, बहुतेक तळहाताएवढ्या. कारखान्यात त्यांना टार्गेट म्हणत, मी चकतीच म्हणते. चष्म्याच्या काचेवर निळसर झाक असते, घड्याळाच्या पट्ट्यावर सोन्याचा रंग असतो पण सोनं नसतं, महागड्या नळावर काळा मुलामा असतो, ते सगळे लेप अशा चकत्यांतून येतात. एका बंद पेटीतली हवा काढून टाकतात. एका बाजूला चकती लावतात, समोर काच किंवा नळ. मग थोडा वायू सोडून वीज दिली की वायूचे कण चकतीवर आदळतात आणि तिचे अणू उडून समोरच्या वस्तूवर जाऊन बसतात. मासा साफ करताना खवले उडून भिंतीला चिकटतात ना, तसंच. फरक इतकाच की हे खवले डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांचा थर अगदी सारखा बसतो.

चकतीत जे असेल तेच लेपात उतरतं. चांगलंही आणि वाईटही. हे वाक्य मी नव्या माणसांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की पुढे पुढे ते माझी नक्कल करायला लागले होते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. वसईचा एक नळवाला रंगाचा नमुना म्हणून आईच्या हातातली बांगडी घेऊन यायचा. असा रंग पाहिजे, ना जास्त पिवळा ना लाल. तीनदा चकती बदलली तरी त्याचं समाधान होईना. शेवटी कळलं, की दर खेपेला तो वेगळ्या मावशीची बांगडी आणत होता, कारण आईने दिलेली पहिली बांगडी त्याने हरवली होती. एका प्रयोगशाळेने तर चकती उत्तम आहे पण खोक्याला सुकटीचा वास येतो अशी लेखी तक्रार केली. चूक माझीच. पॅकिंगचं थर्माकोल कमी पडलं म्हणून मी घरून आणलं होतं, आणि आमच्या घरात ते कशाच्या शेजारी ठेवलेलं असणार हे वेगळं सांगायला नको. मालकांनी ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हेमाबेन, स्मेल टेस्ट भी चालू करो." पुढे वर्षभर लोक मला त्यावरून चिडवत होते.

माझ्या खऱ्या तपासणीला कारखान्यात दोरा म्हणत. वाटाण्याएवढा एक फार जोरकस चुंबक, संगणकाच्या भंगारातून काढलेला, आणि तो लटकवायला हातभर तंगूस. तंगूस म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा एकेरी धागा. तो माझ्या वडिलांच्या रिळातला होता. पिळाचा दोरा आपणहून फिरत राहतो, तंगूस फिरत नाही, हे कोळणीच्या पोरीला शिकवावं लागत नाही. चकती लाकडी पाटावर ठेवायची, हा चुंबक तिच्या कडेशी अगदी जवळ लोंबता ठेवायचा आणि वीस आकडे मोजायचे. चकतीत लोखंडाचा अंश असेल तर चुंबक तिच्याकडे कलतो. कलला की चकती बाद. लोखंड हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा वैरी. यंत्रं लोखंडाची, हत्यारं लोखंडाची, हवेत उडणारी धूळसुद्धा लोखंडाची, आणि गिऱ्हाइकाला ते कणभरही नको असतं.

मोठ्या कारखान्यांत यासाठी यंत्रं असतात. आमच्याकडेही महिन्याकाठी काही नमुने बाहेर तपासायला जात. पण रोजचा भरवसा दोऱ्यावर. त्याचा एक विधीच होऊन गेला होता. मी केसांतल्या पिना काढून खणात ठेवायची, किल्ल्या आणि फोन बाहेर द्यायची, खिडकी लावायची. चकती घेऊन येणारा दाराशी थांबून पंखा बंद करायचा. पाती पूर्ण थांबली की मी हात पुढे करायची. तेवढा वेळ खोलीत कुणी बोलत नसे, मालकसुद्धा. मला त्या वीस आकड्यांचा फार अभिमान होता.

चकती घेऊन येणारा बहुतेक वेळा लहानू असायचा. लहानू वारली, विक्रमगडच्या बाजूच्या पाड्यावरचा. अठरा वर्षं तो दळायच्या गिरणीवर होता आणि अठराही वर्षं कंत्राटदाराच्या वहीत. लावणीला चार दिवस घरी जायचा, एरवी बोईसरला खोली घेऊन तिघा-चौघांत राहायचा. कमी बोलायचा. भुकटी नुसती चिमटीत धरून दळण झालं की नाही ते सांगायचा, आणि ते बरोबर असायचं.

रेवती आमच्याकडे आली ती मालकांच्या ओळखीने. मूळची कराडची, मुंबईत एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती. स्टेशनवरून रिक्षाने आली, घामाघूम, आणि आल्या आल्या मला मावशी म्हणाली. तिला रुथेनियमची चकती हवी होती. रुथेनियम हा प्लॅटिनमच्या भावकीतला महागडा धातू. एवढी मोठी संस्था आमच्या दारात का, असं मी विचारलं. परदेशातून मागवलेली चकती येईपर्यंत तिचे महिने जाणार होते, आणि तिच्याकडे महिने नव्हते. शिष्यवृत्तीचं दीड वर्ष उरलं होतं.

"एक उपकरण चाललं पाहिजे, मावशी," ती म्हणाली. "एक चाललं की मी सुटले."

उपकरण म्हणजे नखावर मावेल असा तुकडा, संगणकाच्या स्मृतीसाठी. तिने मला माझ्याच टेबलावर बोटाने रेघा ओढून समजावलं. फार पातळ अशा चुंबकाचा एक ठिपका. त्याचं तोंड वर असेल तर एक, खाली असेल तर शून्य. वीज गेली तरी ठिपका तसाच राहतो, त्यामुळे लिहिलेलं पुसलं जात नाही. अडचण लिहिण्याची. ठिपका उलटवायला विजेचा प्रवाह द्यावा लागतो आणि शिवाय बाहेरून एक चुंबक धरावा लागतो. कोट्यवधी ठिपक्यांना बाहेरचा चुंबक कोण धरणार. म्हणून तिला ठिपक्याच्या खाली असा थर घालायचा होता, की नुसता प्रवाह सोडला तरी तो वरच्या ठिपक्याला ढकलून उलटा करील. पेटीत प्राणवायू सोडून रुथेनियमचा ऑक्साइड केला की तो तसा थर होईल अशी तिला आशा होती.

"ही नव्या जातीची चुंबकं आहेत," ती म्हणाली. इंग्रजीत त्यांना आल्टरमॅग्नेट म्हणतात हेही तिने सांगितलं. पुढे बरंच काही सांगितलं. खाली दुसऱ्या एका मालाची गाडी लागली होती आणि माझं अर्धं लक्ष तिकडे होतं. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं, की पोरीला चुंबकासाठी चकती हवी आहे.

भुकटी आली ती गुठळ्यांची. ती दळायला आमच्याकडे एक पांढरं भांडं होतं, चिनीमातीसारखं दिसणारं पण कितीतरी कठीण. महागड्या मालासाठी तेवढं एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी लहानू वर आला.

"बाय, पांडरा भांडा तडकलाय."

मी खाली जाऊन पाहिलं. बुडाला केसासारखी भेग होती. नवं यायला तीन आठवडे लागणार होते. मालक गावाला गेले होते. रेवतीला त्याच आठवड्यात चकती देण्याचा शब्द मी दिला होता.

"लोखंडाचा भांडा हाय, त्यात घेऊ का?" लहानूने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "पन लोखंड उतरंल."

मी म्हटलं, "ॲसिडने धू, दोनदा स्पिरिटने पूस, आणि थोडाच वेळ फिरव. उतरलंच तर दोरा सांगेल की."

त्याने तसंच केलं. भट्टीतून चकती निघाली, घासली, पुसली, सुंदर करडी चकती. लहानूने ती वर आणली. मी पिना काढल्या, खिडकी लावली. त्याने पंखा बंद केला. पाती थांबली. मी चुंबक कडेशी नेला आणि आकडे मोजायला लागले. सातावर चुंबक कलला. फार नाही, जवभर. पण कलला.

"बाय, हलला," लहानू दारातून म्हणाला. तो कधी बोलत नसे अशा वेळी.

आणि मी, जिने तोवर कधीही दोरा हलल्यावर एकही चकती सोडली नव्हती, हसून त्याला म्हणाले, "अरे, चुंबकाचीच चकती आहे ती. हलणारच. नाही हलली तर ती पोरगी रडेल."

मी चकतीसोबत जाणाऱ्या दाखल्यावर लिहिलं, चुंबक चाचणी समाधानकारक, आणि खाली सही केली. खरंच सांगते, त्या दिवशी मला जरासुद्धा शंका आली नाही. उलट वाटलं, जिंदगीभर लोखंड शोधणाऱ्या आपल्या दोऱ्याने आज पहिल्यांदा चांगली बातमी दिली.

तीन महिन्यांनी रेवतीचा फोन आला. तिचा आवाज ओळखू येईना. ठिपका उलटला होता. बाहेरचा चुंबक न लावता, पाहिजे तेव्हा, परत परत. मलाही भरून आलं. मी विचारलं, "म्हणजे तुझा चुंबक लागला कामाला?" तेव्हा तिने मला सगळं नीट सांगितलं, पहिल्या दिवशी मी अर्धवट ऐकलेलं सगळं.

ती बोलत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर नवापूरच्या वलांड्या आल्या. बोंबील सुकवायच्या बांबूच्या मांडवांना आम्ही वलांडी म्हणतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. दोन्हीकडे वजन सारखं, दोरी कुठेच कलत नाही. लोखंडात अणूंची तोंडं एकाच दिशेला असतात, म्हणून ते चुंबकाला ओढलं जातं. या नव्या पदार्थांत एक अणू वर तोंड करून, शेजारचा खाली तोंड करून. सगळं फिटतं, बाहेरून बघाल तर चुंबकत्व शून्य. पण शेजाऱ्याभोवतीची घडण जराशी फिरवलेली असते. त्यामुळे आतून प्रवाह गेला की वर तोंडाचे इलेक्ट्रॉन एकीकडे वळतात आणि खाली तोंडाचे दुसरीकडे. तिरका वारा आला की वलांडीवर एका बाजूचे बोंबील जास्त झुलतात, तसं काहीतरी. ते वळलेले इलेक्ट्रॉन वरच्या ठिपक्याला ढकलतात.

"म्हणजे बाहेरून चुंबक लावला तर?" मी विचारलं.

"काही होणार नाही, मावशी. हीच तर त्याची मजा. तुमचा दोरा जागचा हलणार नाही. आणि चकती असताना तर ते नुसतं रुथेनियम, त्यात कसलंच चुंबकत्व नसतं."

मी "हो का" म्हटलं. बोलायची वेळ तीच होती. तिचा शोधनिबंध अजून छापायला गेला नव्हता. एक वाक्य पुरलं असतं. पण फोनवर ती हसत होती, मधेच रडत होती, आणि मी तिला म्हटलं, "जेवलीस का? जेवून घे आधी."

चार दिवसांनी कुरिअरने पेढे आले. मी सगळ्यांना वाटले. लहानूने पेढा हातात धरून विचारलं, "हलला तोच नं तो?"

"हो."

"मंग चांगला झाला," म्हणाला, आणि पेढा रुमालात बांधून खोलीवर घेऊन गेला.

निबंध छापून आला. शेवटी बारीक अक्षरांत आमच्या कारखान्याचे आभार होते. मालकांनी ते पान चौकटीत घालून खालच्या खोलीत लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. मी जिन्यावरून येता-जाता तिकडे बघत नसे.

वाचणाऱ्याला प्रश्न पडेल, की एवढ्या शिकलेल्या लोकांना लोखंड कसं दिसलं नाही. मीही तो मनात घोळवला, स्वतःला सोडवण्यासाठीच. रेवतीच्या उपकरणात वरचा ठिपका स्वतःच कोबाल्ट आणि लोखंडाचा होता. त्या चुंबकाच्या गलक्यात खालच्या थरातल्या कणभर लोखंडाचा आवाज ऐकू येणार कसा. शिवाय तिच्याकडे दाखला होता. त्यावर माझी सही होती.

तिच्या सरांनी सांगितलं, प्रबंधात घालण्याआधी दुसऱ्या चकतीवर हेच करून दाखव. ती मागणी आली तेव्हा नवं पांढरं भांडं आलेलं होतं. लहानूने त्यात दळलं. चकती वर आली, पंखा थांबला, मी वीसपर्यंत मोजलं आणि मग न राहवून पुन्हा वीसपर्यंत. चुंबक जागचा हलला नाही. इतकी निर्मळ चकती मी पाहिली नव्हती, आणि मला ती फोडून टाकावीशी वाटली.

त्या चकतीवर ठिपका उलटला नाही. रेवतीचा फोन आला.

"मावशी, पहिल्या चकतीत काही वेगळं होतं का? भुकटी दुसरी होती? भट्टी?"

"नाही ग. तीच भुकटी, तीच भट्टी."

दोन्ही खरं होतं. भांड्याबद्दल तिने विचारलं नव्हतं.

पुढचे आठ महिने ती फोन करत राहिली. पहिल्यांदा आठवड्याला, मग पंधरवड्याला. तिने पेटी उघडून आतून घासली. काचा बदलल्या. तिसरी चकती मागवली, तीही निर्मळ निघाली. एकदा म्हणाली, "दोष माझ्याच हातात आहे. पहिल्यांदा जमलं ते आता जमत नाहीये." मी तिला सांगितलं, होईल, धीर धर. ती पोरगी माझ्या शब्दावर धीर धरत होती आणि मी तिचे महिने जाताना बघत होते.

का नाही बोलले? तेव्हा मी स्वतःला सांगायची, की लहानूसाठी. कंत्राटी माणूस, लोखंडी भांड्याचं बाहेर आलं तर मालक त्याला दुसऱ्या दिवशी काढतील. ऐकायला बरं वाटायचं. खरं कारण ते नव्हतं. भांडं वापर असं मी सांगितलं होतं आणि हललेला दोरा मी सोडला होता. कारखान्यात माझ्याकडे दुसरं होतं काय? शिक्षण बारावीचं, पगार बेताचा, पण मी हात पुढे केला की मालकसुद्धा श्वास धरत. ते जाईल याची मला भीती होती. या भीतीची मला आजही लाज वाटते.

शेवटी ती स्वतः आली. वाळली होती. म्हणाली, "मला सगळं बघायचंय, भुकटीपासून." तीन महिने उरले होते तिचे. मी तिला खाली नेलं. लहानूने गिरणी दाखवली, पांढरं भांडं दाखवलं. तिने सहज विचारलं, "नेहमी यातच दळता?"

मी तिथेच उभी होते. लहानूने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पैली चकती लोखंडाच्या भांड्यात दलली ती. पांडरा तडकला होता. मीच दलली." मी तसं सांगितलं होतं, हे तो बोलला नाही.

रेवतीने पिशवीतून पहिली चकती काढली. वापरून वापरून तिच्यावर गोल चर पडला होता, आमच्याकडे परत येणाऱ्या चकत्यांवर पडतो तसा. म्हणाली, "मावशी, दोरा लावाल का?"

वर आलो. मी पिना काढल्या. माझ्या हातातून एक पिन खाली पडली, ती रेवतीनेच उचलून दिली. लहानूने पंखा बंद केला. मी हात पुढे केला. आकडे मोजायची गरज पडली नाही.

मग रेवतीने हळूच विचारलं, "तेव्हा नव्हता हलला?"

मी तोंड उघडलं. पण ती पुढे स्वतःच म्हणाली, "तेव्हा कळलं नसेल. लोखंड चकतीच्या खालच्या थरात असेल, आता वरचा झिजला म्हणून दिसतंय. किंवा पंखा चालू असेल तेव्हा. वाऱ्याने काय कळणार." माझ्यासाठी ती कारणं शोधत होती. तिचं सगळं गेलं होतं आणि ती माझी समजूत काढत होती.

मी होकारार्थी मान हलवली. लहानू दाराशी होता, त्याचा हात अजून पंख्याच्या बटणावर. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बघत राहिला.

पुढचं थोडक्यात सांगते. तिच्या सरांचं म्हणणं होतं की आधी नीट खात्री करू. पण रेवतीने आग्रह धरून निबंध मागे घ्यायला लावला. ज्या परिणामाचं तिने सगळ्यांना सांगितलं होतं तो लोखंडाने, बाहेरच्या चुंबकाचं काम आतूनच करून, केलेला होता, निदान तसं नाही हे ती दाखवू शकत नव्हती. मुदतवाढ मिळाली नाही. नव्याने सुरू करायला जे आठ महिने लागले असते ते तिने माझ्या निर्मळ चकत्यांमागे घालवले होते. आता ती कराडला आहे, अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. मधे कुणीतरी मला सांगितलं, की रुथेनियमच्या ऑक्साइडमध्ये तो गुण मुळात आहे की नाही यावर आता मोठ्या लोकांतच वाद आहे, तेव्हा एवढं मनाला लावून घेऊ नका. असेल वाद. पण वेळ राहिला असता तर ती त्या वादात उभी असती, दुसरा पदार्थ घेऊन उभी असती.

आमच्याकडे मालकांनी चौकट उतरवली. लोखंडी भांडं कुणी वापरलं याची चौकशी झाली. लहानूने मीच वापरलं म्हणून सांगितलं. माझ्या दाखल्यावर समाधानकारक होतं, म्हणजे दोरा हलला नव्हता, म्हणजे माझी चूक नव्हती. लहानूला महिनाअखेर काढलं. मी त्या खोलीत हजर होते. मी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसले होते, एवढं आठवतं.

त्याच वर्षी मी निवृत्त झाले. शाल दिली, नारळ दिला. मालकांनी भाषण केलं, "बेन के हाथ से कभी गलत माल नहीं गया." टाळ्या वाजल्या. आठवण म्हणून तो चुंबक आणि तंगूस मलाच दिला, काचेच्या डबीत घालून. नवापूरच्या घरात तो देवघराच्या फळीवर आहे. घरची माणसं कौतुकाने पाहुण्यांना दाखवतात. मी डबी उघडत नाही.

मागच्या हिवाळ्यात बोईसरच्या बाजारात लहानू भेटला. आता तो डहाणूकडे एका चिकूच्या वाडीत कामाला आहे. केस पांढरे झालेत. त्याने वाकडं तोंड केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"बाय, बऱ्या हाव नं?" त्याने विचारलं. मग जरा थांबून, "ती पोर पास झाली का?"

मी म्हटलं, "झाली."

"मंग चांगला झाला," तो म्हणाला. पेढा हातात घेऊन म्हणाला होता, अगदी तसंच. पिशवीतले चार चिकू काढून त्याने माझ्या हातात दिले आणि गेला.

घरी येऊन मी ते चिकू समोर ठेवून बसले. खाल्ले नाहीत, टाकलेही नाहीत. आम्हा तिघांतल्या त्या दोघांनी मला वाचवलं होतं. एकाने जाणून, दुसरीने न जाणता. आणि दोघांनाही मी खोटं सांगितलं होतं. हा अंक कराडला जातो असं संपादक म्हणाले. लहानूला वाचता येत नाही, त्याच्याकडे मला स्वतः जावं लागेल, आणि मी जाणार आहे. पण रेवतीसाठी इथे लिहून ठेवते.

लोखंडी भांडं घे असं लहानूला मी सांगितलं होतं. चकती नवी होती, तिच्यावर चर नव्हता, आणि दोरा हलला होता. लहानूने ते मला त्याच क्षणी सांगितलं होतं. आणि रेवती, पंखा बंद होता.